सकाळी आठचा तास

नीलाकाकूनं विषय कुठला घेतेस हे विचारलंच नाही. तिनं विचारलं, "तास सुटतो कधी?"

इलेक्टिव्ह निवडायचा शेवटचा दिवस होता. मला वृत्तपटाचा विषय हवा होता. कॅमेरा घेऊन शहरात हिंडायचं, माणसांशी बोलायचं आणि सत्राअखेर दहा मिनिटांची फिल्म करायची. पण तो तास दुपारी दोनला होता, आणि दुपारी दोनला मी जयनगरच्या घरात आजोबांजवळ असणं आवश्यक होतं. सकाळी आठला एकच विषय शिल्लक होता. कन्नड न येणाऱ्यांसाठी कन्नड.

"आठचा घेतला तर साडेबारापर्यंत घरी येते," मी म्हटलं.

"मग तोच घे की," असं म्हणून ती कुकर उतरवायला गेली.

मी नागपूरहून बंगळुरूला अर्थशास्त्रात एम.ए. करायला आले ती ऑगस्टमध्ये. विद्यापीठाच्या हॉस्टेलच्या प्रतीक्षायादीत माझं नाव होतं. चंद्रकांतकाका हे बाबांचे मावसभाऊ. एका सरकारी संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले, शब्दाला शब्द न वाढवणारे. त्यांचे वडील, म्हणजे आजोबा, तरुणपणी बेळगावहून इथल्या विमानांच्या कारखान्यात नोकरीला आले आणि घराणं इथलंच झालं. त्या घरात मराठीत कन्नड इतकं मिसळलेलं होतं की पहिल्या आठवड्यात मला निम्मं कळायचं नाही. नीलाकाकू तर हुबळीत वाढलेली. शेजारच्या सरोजक्कांशी, भाजीवाल्याशी, फोनवर मैत्रिणींशी ती कन्नडच बोलायची. माझ्याशी मात्र स्वच्छ मराठी. "घरचीच पोर आहेस. हॉस्टेल मिळेपर्यंत राहा, भाडंबिडं काही मनात आणू नकोस." बाबा दर रविवारी तिला फोन करायचे. "वहिनी, तुम्ही आहात म्हणून आम्ही रात्री झोपतो." काकू फोन स्पीकरवर टाकून भाजी निवडत ऐकायची.

आजोबांची उजवी बाजू पक्षाघातानं गेलेली. मी आले तेव्हा त्यांना बघायला एक बाई यायची. पंधरवड्यात ती यायची बंद झाली. "सोडून गेली मेली," काकू म्हणाली. "सुखदा, थोडं बघशील ना? तुझी व्यवस्था लागेपर्यंत." मग आजोबांना जेवण भरवणं, कूस बदलणं, भांडं देणं, पाठ पुसणं हे सगळं माझ्याकडे आलं. दुपारी काकू झोपायची किंवा भजनाला जायची. काका वर्तमानपत्र घेऊन गच्चीवर बसायचे. शंतनु, त्यांचा मुलगा, देवनहळ्ळीला विमानतळाजवळ नोकरीला. सकाळी अंधारात निघायचा आणि परतताना त्याच्यात जेवण्याइतकाच जीव उरलेला असायचा.

मला आजोबांचं करायचा कंटाळा नव्हता, हे खरं सांगते. ते गमतीदार होते. वाकड्या तोंडानं कारखान्यातल्या जुन्या गोष्टी सांगायचे आणि स्वतःच आधी हसायचे. पण वर्गातली मुलं दुपारी ग्रंथालयात बसायची, गटागटानं प्रकल्प करायची, आणि मी बस पकडायला पळायची. प्राध्यापकांनी एकदा सगळ्यांना मंडईत पाहणीला नेलं, तेव्हाही मी नव्हते. हॉस्टेलचं विचारलं की काकू उसासा टाकायची. "चौकशी केली बाई मी. जागाच नाही म्हणतात यंदा."

तर, कन्नडचा तास. शिकवायला श्यामला मॅडम होत्या. बुटक्या, कडक, आणि फळ्याकडे पाठ न करता लिहू शकणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी दोन शब्द दिले. बेकु म्हणजे हवं, बेडा म्हणजे नको. "एवढ्यावर या शहरात महिना निघतो," म्हणाल्या. माझ्या शेजारी मुंबईची प्रांजली बसायची. ती रिक्षावाल्यांशी भांडता यावं म्हणून शिकत होती. मी कशासाठी शिकत होते ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. साडेबाराला घरी पोचायचं म्हणून, इतकंच.

पण शब्द कानात साठत गेले. दसऱ्याच्या सुमाराला मला भाजीवाला काय म्हणतो ते कळू लागलं. दिवाळीनंतर मॅडमनी आदराची रूपं घेतली. हेळ्तारे म्हणजे ते सांगतात, मान देऊन. हेळ्ताने म्हणजे तो सांगतो. "वडीलधाऱ्या माणसाला हेळ्ताने म्हणालात तर थोबाडीत खाल," असं त्यांनी बजावलं होतं. घरी मी यातलं काही बोलले नाही. लपवायचं म्हणून नव्हे. कुणी विचारलंच नव्हतं.

डिसेंबरात अवरेकाळूचा हंगाम सुरू झाला. वालासारखा हा दाणा इथे घराघरांत भिजवतात, आणि मग तो बोटांत दाबला की सालातून टुणकन बाहेर उडतो. एका सकाळी, सुट्टीच्या दिवशी, मी, काकू आणि सरोजक्का परात मध्ये घेऊन दाणे सोलत बसलो होतो. त्या दोघी कन्नडमध्ये बोलत होत्या आणि मी खाली मान घालून काम करत होते.

सरोजक्कांनी विचारलं, ही मुलगी अजून तुमच्याकडेच कशी? हॉस्टेलचं काय झालं?

काकू म्हणाली, "फोन बंदित्तु." फोन आला होता. मग तिनं आवाजही न उतरवता पुढचं सांगितलं. सप्टेंबरातच आला. स्थानिक पालक म्हणून माझाच नंबर आहे ना. मीच सांगून टाकलं, "अवळिगे बेडा, बेरेयवरिगे कोडि."

तिला नको, दुसऱ्या कुणाला द्या.

माझ्या बोटांतला दाणा उडून जमिनीवर पडला. मी तो उचलला.

"पाप," सरोजक्का म्हणाल्या. कन्नडमध्ये पाप म्हणजे बिचारी.

काकू हसली. यात पाप कसलं? राहते, खाते. मामंजींचं सगळं करते, तेही बिट्टी. पुढच्या वर्षी सून येईल, ती बघेल. तोवर ही आहे. आणि मग बाबांची नक्कल. वहिनी तुम्ही आहात म्हणून, वहिनी तुम्ही आहात म्हणून. दर रविवारी तेच. "थँक्स हेळ्ताने, हेळ्ताने, निल्लिसोदे इल्ल." आभार मानतो, मानतो, थांबतच नाही.

हेळ्तारे नाही. हेळ्ताने.

माझे बाबा काकूपेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठे आहेत. शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांना अरेतुरे करणारं माणूस मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी दाणे सोलत राहिले. काकू मराठीत म्हणाली, "किती भरभर करतेस गं, हाताला वळण आहे तुझ्या," आणि मी तिच्याकडे बघून हसले. ते हसू मला कुठून सुचलं, माहीत नाही. त्याच क्षणी मी ठरवलं असणार.

एका शब्दाचा अर्थ राहिला होता. दुसऱ्या दिवशी तासानंतर मी श्यामला मॅडमना विचारलं, बिट्टी म्हणजे काय?

"फुकट," त्या म्हणाल्या. "पूर्वी जमीनदार राबवून घेत, तसं. वेठ. कुठे ऐकलास?"

"घरी," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि फळा पुसायला घेतला.

तिथून मी थेट हॉस्टेलच्या कार्यालयात गेले. वॉर्डनबाईंना आठवत होतं. "तुझ्या काकूंनी नकार दिला. मला वाटलं तुम्ही घरात बोलूनच ठरवलं असेल. आता या वर्षी काही नाही." त्यांनी सहज सांगितलं. त्यांच्या दृष्टीनं ती एक रिकामी झालेली आणि लगेच भरलेली खाट होती.

बसमध्ये मी रडले नाही. मला हिशेब लागत होता. दुपारचा तास गेला, वृत्तपट गेला, मंडई गेली. बाई सोडून गेली नसणार, मी आल्यावर तिला काढली असणार. पण घरी जाऊन ओरडायचं नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी ओरडले असते तर काकू रडली असती, काकांनी "सरी, सरी, बरं, सोडून द्या" म्हटलं असतं, नागपूरला फोन गेला असता आणि रविवारपर्यंत मीच कृतघ्न ठरले असते. मला तिला दुखवायचं होतं, आणि तिनं मला जिथे नागवलं तिथेच दुखवायचं होतं. तिनं मला न विचारता माझ्या वतीनं उत्तर दिलं होतं. मलाही तिच्या वतीनं एखादं उत्तर द्यायचं होतं.

मी कन्नडचा अभ्यास सुरू केला. खरा अभ्यास. आजोबा झोपले की वही काढायची, बसमध्ये कंडक्टरशी बोलायचं, दुकानात हटकून मराठी-हिंदी टाळायचं. कुठल्याच विषयासाठी मी एवढं घासलं नव्हतं. घरात मात्र पूर्वीपेक्षा ठोंब्या झाले. सरोजक्का काही बोलल्या की मी काकूकडे बघायची, "काय म्हणतात?" आणि काकू तिला सोयीचं ते भाषांतर करून मला सांगायची. तिचं प्रत्येक खोटं मला आता गोड लागत होतं. राग असा जपून ठेवता येतो, मुरवता येतो, हे मला आधी माहीत नव्हतं.

संधी जानेवारीत आली. शंतनुचं लग्न ठरत होतं. मुलगी गौरी, बनशंकरीची, कन्नड घरातली. दोघांची ओळख कामावरची. दोघांनीच जमवलं होतं आणि काकू खूश होती, कारण मुलगी शांत दिसत होती. "घर सांभाळणारी आहे," असं ती फोनवर सांगायची. गौरी आणि तिची आई कस्तुरी रविवारी दुपारी घर बघायला येणार होत्या.

तोंडी परीक्षेसाठी आम्हाला 'माझं घर' या विषयावर बोलायचं होतं. मी मॅडमना वाक्यं दाखवली. घरात एक आजारी आजोबा आहेत. त्यांना मी बघते. मी महिनाअखेर जाणार आहे. त्यानंतर सुनेनं बघायचं आहे.

"इथे नोडकोताळे नको," मॅडम म्हणाल्या. "ती बघते असा अर्थ होतो. तिला बघावंच लागेल असं म्हणायचंय ना? सोसे नोडकोबेकु."

कन्नडमध्ये सुनेला सोसे म्हणतात. मराठी कानाला हा शब्द ऐकल्यावर हसू यावं की काय व्हावं, कळत नाही.

जाण्याचं मी पक्कं केलं होतं. प्रांजली बनशंकरीला दोन मुलींबरोबर फ्लॅटमध्ये राहायची, त्यातली एक गावी परतत होती. मी संध्याकाळच्या शिकवण्या धरल्या. घरी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

रविवारी काकूनं केसरीबात, म्हणजे इथला केशरी शिरा, केला, मला नवा ड्रेस घालायला लावला आणि आजोबांच्या खोलीचं दार ओढून घ्यायला सांगितलं. पाहुण्या आल्या. कस्तुरीबाई बारीक अंगाच्या, डोळे हसरे. काकूनं कन्नडमध्ये माझी ओळख करून दिली. नागपूरच्या नात्यातली मुलगी, परिस्थिती बेताची, आम्ही ठेवून घेतलंय. कन्नड येत नाही हो तिला. मी हात जोडले.

कस्तुरीबाईंनी आजोबांची चौकशी केली. काकू म्हणाली, त्यांची काही अडचण नाही, पूर्ण वेळची नर्स आहे. आज रविवार म्हणून सुट्टी.

चंद्रकांतकाकांनी बशीतून नजर वर केली. मग पुन्हा खाली घातली.

थोड्या वेळानं मी आजोबांना पेज भरवायला आत गेले. मागोमाग दार उघडलं. कस्तुरीबाई आणि गौरी, आजोबांना नमस्कार करायला. काकूला सरोजक्कांनी दारात गाठलं होतं, दोघींचा आवाज बाहेरून येत होता. गौरी आजोबांच्या पाया पडली. कस्तुरीबाईंनी माझ्या हातातला चमचा पाहिला, आजोबांच्या गळ्यातला रुमाल पाहिला, आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "नर्स रोज आती है ना?"

मी कन्नडमध्ये म्हणाले, "नर्स कुणी नाही अम्मा. मीच आहे."

गौरीनं मान वळवली.

मी पेजेचा पुढचा घास आजोबांच्या तोंडात घातला आणि सावकाश, मॅडमना आवडलं असतं तसं एकेक शब्द नीट उच्चारत सांगितलं. मी विद्यापीठात शिकते. दुपारी येऊन यांचं सगळं करते. अंघोळ, कपडे, भांडं, सगळं. महिनाअखेर मी जाणार.

"मग पुढे?" कस्तुरीबाईंनी विचारलं.

"पुढे सोसे नोडकोबेकु. काकू असं म्हणतात." मी सरोजक्कांचा आवाज येत होता त्या दिशेला बोट केलं. "त्यांनाही विचारा हवं तर."

एकही शब्द खोटा नव्हता. त्यामुळे मला आणखीच आनंद झाला. आजोबा घास चघळत माझ्याकडे टक लावून बघत होते. त्यांना अर्थातच सगळं कळत होतं.

 बाहेर येऊन गौरीनं केसरीबात संपवला, छान झालाय म्हणाली, आणि निघताना माझा हात हातात घेऊन दाबला.

कस्तुरीबाईंचा फोन मंगळवारी रात्री आला. लग्न पक्कं, मे महिन्यात. फक्त गौरी आणि शंतनु देवनहळ्ळीला घर घेऊन राहतील, दोघांची नोकरी तिकडेच, जाण्यायेण्याचे हाल कशाला. काकू म्हणाली, असं कसं, शंतनु ऐकणार नाही. शंतनु समोरच बसला होता. तो म्हणाला, "मला चालेल अम्मा. बरंच पडेल." इतक्या झटकन म्हणाला की काकू खुर्चीवर बसली. मग कस्तुरीबाई फोनवर आणखी काही म्हणाल्या असाव्यात, कारण काकूचा चेहरा हळूहळू माझ्याकडे वळला.

"तुमची नागपूरची मुलगी किती शुद्ध कन्नड बोलते म्हणे," फोन ठेवून ती म्हणाली.

मी आजोबांचे कपडे घडी करत होते.

"केव्हापासून कळतंय तुला?"

"अवरेकाळू सोलले तेव्हापासून."

तिनं ओठ हलवले. आठवत असणार, आपण काय काय बोललो ते. मी तिला आठवू दिलं. मग ती उसळली, आणि उसळली ती कन्नडमध्ये. साप पाळला, खाल्ल्या घरचे वासे मोजले, माझा मुलगा तोडला. मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि कन्नडमध्येच, एकही आदराचं रूप न चुकवता, म्हणाले, "तुम्ही माझ्यासाठी आलेला फोन घेतलात. मी तुमच्यासाठी आलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं." काका गच्चीचा जिना उतरत होते, ते अर्ध्यावर थांबले आणि पुन्हा वर गेले.

मी महिनाअखेरीची वाट पाहिली नाही. दुसऱ्याच सकाळी बॅग भरली. आजोबांचा निरोप घ्यायला गेले तर ते जागे होते. डाव्या हातानं त्यांनी मला बसवलं.

"फोन आला तेव्हा ती इथंच उभी होती," ते म्हणाले. शब्द घसरत होते, पण मला त्यांचं बोलणं समजायची सवय होती. "हॉस्टेलचा. मी ऐकलं होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर गेली असतीस."

इतके महिने मी त्यांना आपल्या बाजूचं समजत होते. मी त्यांच्या अंगावरची शाल नीट केली, कारण ती घसरली होती. पण पाया पडले नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी निघाले.

बनशंकरीच्या फ्लॅटमध्ये माझ्या वाट्याला खिडकीजवळची खाट आली. कन्नडमध्ये मी वर्गात पहिली आले. पुढच्या सत्रात दुपारी दोनचा वृत्तपटाचा विषय घेतला. सगळं मनासारखं चाललं होतं, फक्त रविवार सोडून.

बाबांना काकूनं तिची बाजू सांगितली होती. मुलगी हाताबाहेर गेली, पाहुण्यांसमोर अपमान केला, म्हाताऱ्या माणसाला टाकून निघून गेली. बाबा मला फोनवर म्हणाले, "सुखदा, ज्यांनी आसरा दिला त्यांच्याशी असं वागतात? मी तुला हे शिकवलं?" मी हॉस्टेलचं सांगितलं. ते म्हणाले, "गैरसमज झाला असेल. त्या माउलीबद्दल एक वाकडा शब्द ऐकून घेणार नाही मी." आणि दर रविवारी ते तिला फोन करून माझ्या वतीनं क्षमा मागू लागले.

खरं सांगणं सोपं होतं. एक वाक्य पुरलं असतं. ती तुमची नक्कल करते बाबा, शेजारणीला हसवायला. पण ते वाक्य मला बोलता येईना. ते ऐकल्यावर त्यांचा चेहरा कसा होईल हे मला नागपूरपासून इतक्या दूरवरूनही दिसत होतं. तिच्यावरचा सूड त्यांच्या अंगावर पडावा, हे मला नको होतं. आणि ती त्यांची क्षमायाचना स्पीकरवर टाकून भाजी निवडत असणार, हेही सहन होत नव्हतं.

मार्चमध्ये काकूचाच फोन आला. आवाज गोड होता. दोन बाया आल्या आणि सोडून गेल्या, मामंजी कुणालाच हात लावू देत नाहीत, तुझं नाव घेतात, आठवड्यातून दोन दुपारी तरी येशील का?

"नाही," मी म्हटलं. "पण तुमच्याकडे माझं एक काम आहे. रविवारी बाबा फोन करतील. त्यांना सांगायचं, सुखदानं आमचं खूप केलं, उपकार तिचेच आहेत, आणि क्षमा आम्हीच मागायला हवी."

"मी? त्यांना?"

"लग्न मेमध्ये आहे ना? कस्तुरीअम्मांचा नंबर आहे माझ्याकडे. त्यांना अर्धंच सांगितलंय मी. सरोजक्कांसमोर तुम्ही बाबांची नक्कल करता, तेही सांगेन. व्याह्यांबद्दल तुम्ही काय बोलत असाल, हा विचार त्या आपोआप करतील."

 तिच्यामागे आजोबांच्या खोलीतून काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

"आणि मराठीत नीट बोला," मी म्हटलं. "फोन स्पीकरवर ठेवून नको. हातात घेऊन."

रविवारी संध्याकाळी बाबांचा फोन आला. त्यांचा आवाज भरून आला होता. "सुखदा, अगं काकू किती कौतुक करत होत्या तुझं! उलट माझीच माफी मागितली त्यांनी. रडत होत्या गं. किती मोठ्या मनाची बाई आहे."

प्रांजली समोर बसून नूडल्स खात होती. तिनं खुणेनं विचारलं, काय झालं?

"हो बाबा," मी म्हटलं. "रडत होत्या का? नीट सांगा ना. किती वेळ?"